घरबसल्या व्यापारविद्या



कांहीं महिन्यांपूर्वीं एक तरुण गृहस्थ मला भेटावयास आले होते. भिवंडीजवळच्या एका मोठ्या वखारींत मालाच्या आवक-जावकीचा हिशेब ठेवण्याचें काम ते करतात. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नोकरीस लागल्याला त्यांना सहा वर्षें झालीं आहेत. घरीं वृद्ध आईवडील, पत्नी आणि एक लहान मुलगी. नोकरी सोडून व्यवस्थापनाच्या एखाद्या महाविद्यालयांत दोन वर्षें जाऊन बसावें, तर घर चालावयाचें नाहीं; शिवाय नामांकित महाविद्यालयांची फी कित्येक लाखांच्या घरांत. बरें, न शिकावें, तर आज ज्या खुर्चीवर ते बसले आहेत तिच्यावरून उठण्याची आशा नाहीं. मागून आलेलीं, परंतु पदवीचा कागद बरोबर घेऊन आलेलीं माणसें त्यांच्या डोळ्यांदेखत वर चढत होतीं. त्यांनीं मला विचारलें, "घरीं बसून, थोड्या पैशांत, ही विद्या खरोखर येते का? कीं नुसता कागद हातीं येतो?"

ह्या प्रश्नामागें एक अनुभव होता. पूर्वीं एका खाजगी संस्थेस तीस हजार रुपये भरून त्यांनीं एक ‘डिप्लोमा’ मिळविला होता. पुढें तो एका नव्या जागेच्या अर्जाबरोबर दाखविला, तेव्हां त्यास कसलीहि मान्यता नसल्याचें त्यांना कळलें. पैसे गेले त्याहून, घरांतल्या माणसांपुढें मान खालीं गेली ह्याचें त्यांना अधिक दुःख होतें.

असा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जातो. म्हणून आजच्या भाषणांत त्याचें उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहें. थोडक्यांत सांगावयाचें तर विद्या येते. रुपयांत तिची किंमत फार थोडी पडते. दुसऱ्या एका नाण्यांत मात्र ती बरीच मोजावी लागते. तें नाणें कोणतें हें कळण्यासाठीं आधीं विद्येचें स्वरूप पाहिलें पाहिजे.

सकाळीं आपण चहांत चमचाभर साखर घालतों. ती डब्यांत कोठून आली? कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. त्याच्याकडे घाऊक व्यापाऱ्याकडून, व्यापाऱ्याकडे कारखान्यांतून, आणि कारखान्यांत उसाच्या फडांतून. ऊस गाळला जातो वर्षाच्या पांच-सहा महिन्यांत. चहा मात्र बाराहि महिने लागतो. तेव्हां मधल्या काळासाठीं कोणीतरी साखर सांठवून ठेविली पाहिजे. माल किती मागवावा, केव्हां मागवावा, कोठें ठेवावा आणि कोणत्या वाहनानें पुढें धाडावा, हें प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ठरवीत असतें. पुढें जातो तो माल, मागें येतो तो पैसा, आणि दोन्ही दिशांनीं धांवते ती बातमी. ह्या तिहींचा मेळ घालण्याच्या शास्त्रास ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ म्हणतात. आपण त्यास पुरवठा-साखळीचें व्यवस्थापन म्हणूं. हें नांव १९८२ च्या सुमारास प्रचारांत आलें. काम मात्र व्यापाराइतकेंच जुनें आहे.

ह्या शास्त्रांतला एक प्रसिद्ध हिशेब नमुन्यादाखल पाहूं. एक दुकानदार वर्षास साबणाच्या १,२०० पेट्या विकतो. प्रत्येक वेळीं माल मागविला कीं टेंपोचें भाडें, हमाली व कागदपत्रें मिळून १५० रुपये खर्च येतो. मग पेट्या थोड्या मागवा कीं पुष्कळ. उलटपक्षीं, एक पेटी वर्षभर दुकानांत पडून राहिली तर अडकलेल्या पैशाचें व्याज, जागेचें भाडें व नासधूस मिळून २५ रुपयांस पडते. थोडा थोडा माल पुष्कळदां मागवावा, तर पहिला खर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागवावा, तर दुसरा वाढतो. ह्या दोहोंचा मध्य कसा काढावा?

वर्षाच्या विक्रीची दुप्पट करावी, तिला एका खेपेच्या खर्चानें गुणावें, एका पेटीच्या वर्षाच्या साठवणखर्चानें भागावें, आणि आलेल्या संख्येचें वर्गमूळ काढावें. येथें उत्तर १२० येतें. म्हणजे दर खेपेस १२० पेट्या, वर्षांतून दहा खेपा. खेपांचा खर्च १,५०० रुपये. दुकानांत सरासरी ६० पेट्या राहतात, म्हणून साठवणीचा खर्चहि १,५०० रुपये. एकूण ३,०००. आतां हाच दुकानदार दर खेपेस २४० पेट्या मागवूं लागला, किंवा ६० च मागवूं लागला, तर दोन्ही पक्षीं खर्च ३,७५० रुपयांवर जातो. परंतु त्यानें १२० ऐवजीं १५० मागविल्या, तर खर्च फक्त ३,०७५ होतो. म्हणजे अंदाज थोडा चुकला तर नुकसान अल्प, दुपटीनें चुकला तर बरेंच. व्यवहारांत विक्रीचे आंकडे कधींच तंतोतंत मिळत नाहींत, म्हणून हा दुसरा बोध पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

हें सूत्र १९१३ सालीं अमेरिकेंत फोर्ड हॅरिस नांवाच्या गृहस्थानें कारखानदारांच्या एका मासिकांत प्रसिद्ध केलें. शतक उलटून गेलें तरी तें जगभर शिकविलें जातें. ह्या हॅरिसचें शालेय शिक्षण संपल्यावर पुढें त्यानें कोणत्याहि महाविद्यालयाचें तोंड पाहिलें नव्हतें. जें मिळविलें तें नोकरी करतां करतां, स्वतःच्या अभ्यासानें. आमच्या भिवंडीच्या मित्रांस ही हकीकत मी मुद्दाम सांगितली.

दुसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हां आपल्यांपैकीं कित्येकांनीं एका महिन्याऐवजीं दोन महिन्यांचा किराणा घरांत आणून टाकला. शहराची भूक कांहीं दुप्पट झाली नव्हती. पण वाण्यास वाटलें कीं मागणी वाढली. त्यानें घाऊक व्यापाऱ्याकडे जास्त माल मागितला. व्यापाऱ्यानें ‘कमी पडूं नये’ म्हणून त्याहून जास्त. अशा प्रसंगीं मूळची लहानशी वाढ प्रत्येक दुव्यावर फुगत जाते, आणि कारखान्याच्या दारीं पोंचते तेव्हां ती ओळखूं येत नाहीं. पुढें घरोघरचे डबे भरलेले असतात, म्हणून मागणी एकदम बसते, आणि तयार माल पडून राहतो. आसुडाची मूठ किंचित् हलवावी आणि टोंकाशीं मोठा फटकारा उठावा, तसा हा प्रकार. इंग्रजींत त्याला नांवहि आसुडावरूनच पडलें आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत, जिला सर्व जग एम. आय. टी. म्हणून ओळखतें, जे फॉरेस्टर ह्यांनीं त्याची मीमांसा केली आणि १९६१ सालीं ती ग्रंथरूपानें मांडली.

तेथील विद्यार्थ्यांस हा धडा एका खेळांतून देतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार अशा चार भूमिका. कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं. फक्त मागणीची चिठ्ठी पुढें सरकवावयाची, आणि माल कांहीं आठवड्यांनीं मिळावयाचा. गिऱ्हाइकाची मागणी साऱ्या खेळांत एकदांच वाढते व मग स्थिर राहते. तरीहि थोड्याच वेळांत एकाचें कोठार रिकामें पडतें, पुढें त्याच कोठारांत माल मावेनासा होतो, आणि चौघेहि एकमेकांस दोष देऊं लागतात. खेळ संपल्यावर कळतें कीं दोष कोणा एकाचा नव्हता; प्रत्येकास फक्त शेजारच्याची चिठ्ठी दिसत होती, खरें गिऱ्हाईक दिसत नव्हतें. हा खेळ चार मित्र घरच्या जेवणाच्या टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या करून खेळूं शकतात.

ह्यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानीं आली असेल. रसायनशास्त्रास प्रयोगशाळा लागते, वैद्यकास रुग्णालय लागतें. ह्या विद्येस मूळारंभीं कागद, पेन्सिल, बेताचें गणित आणि उघडे डोळे एवढीं साधनें पुरतात. म्हणूनच ती दुरून शिकण्यास विशेष सोयीची आहे.

दुरून शिकण्याची कल्पनाहि आजची नव्हे. १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत देशांत कोठेंहि पत्र नेणारी टपालव्यवस्था सुरू झाली, आणि आयझॅक पिटमन ह्यांनीं लगेच तिचा उपयोग लघुलेखन शिकविण्याकडे केला. १८५८ पासून लंडन विद्यापीठानें आपल्या परीक्षा महाविद्यालयांत न गेलेल्यांसहि खुल्या केल्या. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. पुढें १९८२ त हैदराबादेस, १९८५ त दिल्लीस आणि १९८९ त नाशकास मुक्त विद्यापीठें स्थापन झालीं. दिल्लीचें तें इंदिरा गांधी ह्यांच्या नांवाचें राष्ट्रीय विद्यापीठ, आणि नाशिकचें तें यशवंतराव चव्हाण ह्यांच्या नांवाचें महाराष्ट्राचें. नाशिकच्या विद्यापीठाचा आपणांस विशेष उपयोग असा कीं तेथें वाणिज्यासारखे विषय मराठींतून शिकतां येतात.

टपालाचें काम आतां मोबाईलनें घेतलें आहे. २००३ सालीं देशांतील सात आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था ह्यांनीं मिळून आपल्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें सर्वांस मोफत देण्याचा उपक्रम आरंभिला. त्याचें संक्षिप्त नांव एन. पी. टी. ई. एल. असें आहे. २०१४ पासून त्यांत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविण्याची सोय झाली, आणि २०१७ सालीं सरकारनें ‘स्वयम्’ ह्या नांवाखालीं अनेक विद्यापीठांचे असे अभ्यासक्रम एकत्र आणले. मद्रास व रुडकी येथील आय. आय. टी.च्या प्राध्यापकांनीं पुरवठा-साखळीवर दिलेल्या व्याख्यानमाला ह्या उपक्रमांत आहेत. व्याख्यानें ऐकण्यास पैसा पडत नाहीं; परीक्षा द्यावयाची असेल तरच दर विषयास सुमारें हजार रुपये भरावे लागतात. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. आठवड्याच्या आठवड्यास स्वाध्याय पाठवावयाचे, आणि शेवटीं ठरलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची. सर्वसाधारणपणें गुणांचा चौथा हिस्सा स्वाध्यायास व बाकीचा परीक्षेस असतो. परदेशचें उदाहरण म्हणजे आतांच उल्लेखिलेली एम. आय. टी. तिनें २०१५ सालीं ह्याच विषयाची पांच भागांची अभ्यासमाला जगास खुली करण्याचें जाहीर केलें. ज्यानें ती प्रमाणपत्रासह चांगल्या रीतीनें पुरी केली त्यास तेथील पदव्युत्तर वर्गासाठीं अर्ज करतांना तिचा आधार घेतां यावा, अशी तींत योजना केली होती.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. पदवी ही एक वस्तु आणि प्रमाणपत्र ही दुसरी. एखादा विषय उत्तम येतो एवढें दाखविण्यास प्रमाणपत्र पुरतें. सरकारी नोकरीस, बढतीच्या नियमास किंवा पुढील पदवीस तें पुरेलच असें नाहीं. ज्यांस पदवीच हवी त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी पाहावी. त्या यादींत संस्थेचें नांव असणें पुरेसें नाहीं; आपल्याला हवा तो अभ्यासक्रम, आपण ज्या सत्रांत प्रवेश घेणार त्या सत्रासाठीं मान्य आहे कीं नाहीं, हें पाहावें. मान्यता असेल तर अशी पदवी नेहमींच्या वर्गांत बसून मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, असा २०२० च्या नियमांचा अर्थ आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केला. आमच्या मित्रांनीं हें अर्ध्या तासाचें काम केलें असतें, तर त्यांचे तीस हजार वांचले असते.

आतां त्या दुसऱ्या नाण्याकडे वळूं. एम. आय. टी. व हार्वर्ड ह्या संस्थांच्या अशा खुल्या अभ्यासक्रमांचे अनेक वर्षांचे आंकडे तपासून २०१९ सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध झाला. २०१७-१८ सालीं नांव नोंदविणाऱ्या दर शंभरांतून अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन निघाले. ज्यांनीं प्रमाणपत्रासाठीं पैसे भरले होते त्यांच्यांत मात्र हें प्रमाण शंभरांत सेहेचाळीस होतें. पैसे भरणारे मुळांतच अधिक निश्चयाचे असणार, हें उघड आहे. म्हणून फी भरली कीं अभ्यास आपोआप होतो असा अर्थ काढतां येणार नाहीं. परंतु एवढें खरें कीं जें फुकट मिळतें तें उद्यांवर टाकावयास कांहींच लागत नाहीं. वर्गांत गुरुजी हजेरी घेतात. येथें हजेरी आपली आपणच घ्यावयाची. तें दुसरें नाणें म्हणजे रोजचा ठरलेला वेळ. आमच्या मित्रांनींहि फुकट अभ्यासक्रमांत दोनदां नांव घातलें होतें, आणि दोन्ही वेळां तिसऱ्या आठवड्यांत तें सुटलें.

तें कां सुटलें, हें ह्या शास्त्राच्याच एका नियमानें समजतें. १९६१ सालीं जॉन लिटल ह्यांनीं त्याची सिद्धता दिली. वखारींत सरासरी ६०० पेट्या असतील आणि दररोज ५० येत व ५० जात असतील, तर एक पेटी तेथें सरासरी १२ दिवस राहते. आतां पेट्यांच्या जागीं पाठ ठेवा. आठवड्यास पांच पाठ येतात. मुलगी आजारी पडली, घरांत लग्न निघालें, आणि पंधरा पाठ तुंबले. आठवड्यास पांच पाठांचाच आपला वेग असेल, तर आज आलेला पाठ आपण तीन आठवड्यांनीं ऐकणार. आणि स्वाध्यायाची मुदत तर त्यापूर्वींच संपलेली! बुद्धि कमी पडत नाहीं. साठा वाढतो आणि माणूस धीर सोडतो. तेव्हां साठा होऊं न देणें, आणि झालाच तर एक रविवार त्याला देऊन तो उपसून टाकणें, हाच उपाय.

ह्याकरितां अनुभवानें सुचणाऱ्या चार गोष्टी सांगतों. एका वेळीं एकच विषय घ्यावा. ऐकण्यास व गणितें सोडविण्यास मिळून आठवड्यास सहा-आठ तास लागतात असें धरून, ते कोठून काढणार हें घरांतल्या माणसांच्या संमतीनें आधींच ठरवावें. कारण आपल्या अभ्यासाच्या तासांत घरचें कोणतें तरी काम दुसऱ्यानें उचलावयाचें असतें. व्याख्यान नुसतें ऐकूं नये. प्रत्येक हिशेब वहींत हातानें करावा. आणि शक्य तर एक सोबती मिळवावा, ज्याला दर आठवड्यास ‘झालें का?’ म्हणून विचारतां येईल.

शेवटीं, शिकलेलें जवळच्या व्यवहाराशीं ताडून पाहावें. ओळखीच्या वाण्याच्या परवानगीनें एका जिनसाची रोजची विक्री चार आठवडे टिपून ठेवावी; पुस्तकांतली सरळ रेघ प्रत्यक्षांत किती वांकडी असते तें दिसेल. कांद्याचा भाव वर्तमानपत्रांत रोज येतो; त्यामागें काय आहे तें शोधावें. नाशिक जिल्ह्यांत लासलगांवच्या बाजारांत येणारा उन्हाळी कांदा मार्च ते मे ह्या महिन्यांत निघतो, आणि हवेशीर चाळींत पुढें कित्येक महिने ठेवला जातो. ठेवतां ठेवतां त्याचें वजन घटतें, कांहीं सडतो, कांहींस कोंब फुटतात. खरीपाचा नवा कांदा शरदांत बाजारांत येऊं लागेपर्यंत हा साठा पुरवावयाचा असतो. पाऊस लांबून नवें पीक मागें पडलें कीं सरत आलेल्या साठ्यावर ताण येतो, आणि भाव चढतात. शेतकऱ्यानें कांदा आज विकावा कीं महिनाभर थांबावें? घट किती, व्याज किती, भाव वाढण्याचा संभव किती? हा हिशेब मांडतां येऊं लागला म्हणजे विद्या अंगीं लागली असें समजावें.

दुरून शिकण्यांत कांहीं उणीवाहि आहेत. सहाध्यायांची ओळख, नोकरी देणाऱ्यांशीं महाविद्यालयाचा संबंध, शंका आली त्याच क्षणीं गुरूंस विचारण्याची सोय, ह्या गोष्टी मोठी फी भरणाऱ्यास मिळतात, घरीं बसणाऱ्यास सहसा मिळत नाहींत. परंतु जो आधींच एखाद्या वखारींत, दुकानांत किंवा कचेरींत काम करीत आहे, त्याच्या हाताशीं रोजचे खरे आंकडे असतात. महाविद्यालयांतील मुलांस तेच आंकडे कल्पनेनें करावे लागतात.

आमच्या मित्रांनीं ह्या खेपेस एकच विषय घेतला आणि परीक्षेचे हजार रुपये प्रथमच भरून टाकले. पहांटे पांच ते सहा हा त्यांचा अभ्यासाचा वेळ. त्या वेळांत दूध व पाणी भरण्याचें काम त्यांच्या वडिलांनीं आपल्याकडे घेतलें आहे. सहाव्या आठवड्यांत ते पुन्हां भेटावयास आले, तेव्हां हातांत एक वही होती. वखारींत माल बांधण्याचीं पुठ्ठ्याचीं खोकीं दर तिमाहीस एकदम मागविण्याची जुनी वहिवाट होती, आणि त्यांच्यासाठीं एक सबंध खोली अडत असे. हॅरिसचा हिशेब त्यांनीं त्या खोक्यांस लावून पाहिला होता. दर महिन्यास मागविणें स्वस्त पडेल असें त्यांचें उत्तर आलें. वहींतलें वर्गमूळ मीं तपासून पाहिलें, तें बरोबर होतें. वही त्यांनीं वरिष्ठांपुढें ठेवली, आणि खोकीं आतां महिन्याच्या महिन्यास येतात.

त्यांची परीक्षा अजून व्हावयाची आहे. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र माझ्याआधीं त्यांनींच शोधून काढलें, असें मला वाटतें. आपल्यांपैकीं ज्यांस असा अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं आज रात्रीं आपल्या दिवसाचा हिशेब मांडून त्यांतला एक तास निवडावा, आणि मगच नांव नोंदवावें.